पोसोनच्या पंगतीत रमाबाई

डब्याचं झाकण टक् करून बसलं आणि पहाटेची शांतता मोडली. सुमेधानं डोळे न उघडताच ओळखलं, हे चार पुडांच्या मोठ्या डब्याचं झाकण. म्हणजे सासूबाई कधीच्या उठल्या होत्या, आणि नायगावचं स्वयंपाकघर श्रीलंकेला निघालं होतं.

ती उठून ओट्यापाशी आली. चाळ पाडल्यावर मिळालेल्या ट्रान्झिटच्या खोलीतला ओटा तो केवढा, दोन पातेल्यांत भरून जायचा. त्यावर दशम्यांची चळत, लसणाची चटणी, बेसनाच्या वड्या आणि नाचणीचे लाडू असा सगळा संसार मांडला होता.

"आई, आपण चारच दिवस जातोय."

"म्हणून तर चार पुडांचा घेतला."

"तिकडे जेवण मिळतं हो. माणसंच राहतात तिथं."

"मिळेल की. तू खा, मनूला घाल. मी माझं खाईन." रमाबाईंनी डब्याची कडी लावली आणि डबा लाल पिशवीत असा उभा केला, जसं काही बाळाला झोळीत ठेवतायत.

सुमेधाचा नवरा जयवंत पोलिसात. त्याची रजा मंजूर होऊन बंदोबस्तापायी रद्द झाली होती, त्यामुळे तिकिटं तिघींचीच उरली होती, सासू, सून आणि सहा वर्षांची मनू. तो चादरीतूनच म्हणाला, "सुमे, नाद सोड. ती कुणाच्या पंगतीला बसायची नाही. माझ्या लग्नात सुद्धा उभ्यानं जेवली."

ते खरंच होतं. रमाबाई कुणाच्या बारशाला गेल्या तरी आधी पदर खोचून आत जायच्या, चार भांडी घासायच्या, दोनशे पुऱ्या लाटायच्या आणि मग कोपऱ्यात दोन घास खायच्या. आपण बसावं आणि कुणीतरी आणून वाढावं हे त्यांना सोसायचंच नाही. कारण सुमेधाला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी ते एकदा सांगितलं होतं, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता. सात वर्षांच्या असताना गावात एका मोठ्या घरचं लग्न होतं. यांच्या वस्तीची पंगत मांडवापासून लांब, उकिरड्याच्या कडेला बसवलेली. वाढपी आले आणि त्यांनी वरून, हातभर उंचीवरून लाडू टाकले. रमाबाईंचा लाडू ओच्यात न पडता मातीत पडला. त्या उचलायला वाकल्या तेव्हा त्यांच्या आईनं मनगट धरलं आणि पोरीला उठवून घरी नेलं. "आजपासून कुणापुढं हात पसरायचा नाही," एवढंच आई बोलली होती.

तेव्हापासून नाहीच पसरला. उलट दर सहा डिसेंबरला, विहाराच्या मंडळाचा स्टॉल शिवाजी पार्काजवळ लागला की पुरीभाजीच्या टोपामागे रमाबाई उभ्या. लांबलांबच्या गावांहून आलेल्या माणसांना त्या तीन दिवस वाढायच्या आणि नव्या पोरांवर खेकसायच्या, "वरून टाकू नका रे. हातात ठेवा. दोन्ही हातांनी."

सुमेधाला फार काही नको होतं. ज्या बाईनं हजारो पाहुण्यांना जेवू घातलं, तिनं एकदा, फक्त एकदा, कुणाची तरी पाहुणी होऊन बसून जेवावं. आपल्या चुलीपासून इतकं लांब गेल्यावर तरी जमेल, असा तिचा हिशेब. आणि त्या हिशेबाच्या डोक्यावर आता चार पुडांचा डबा बसला होता.

अनुराधपुरात त्या पोहोचल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पोसोन पौर्णिमा होती. अशोकाचा मुलगा महेंद्र धम्म घेऊन या बेटावर आला, तो हा दिवस. सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत रस्त्यावर उतरलं होतं. रमाबाईंनी हिंदमाताच्या बाजारातून मुद्दाम आणलेली पांढरी साडी नेसली होती, आणि त्या गर्दीत त्या अशा मिसळून गेल्या की सुमेधाला दोनदा भलत्याच आजीबाईंचा हात धरायची वेळ आली.

गर्दीमुळे गाड्या बाहेरच अडवल्या होत्या. "बरं झालं," रमाबाई म्हणाल्या, "असल्या ठिकाणी चालतच यावं." सकाळचं इन्सुलिन घेऊन, गेस्ट हाउसमध्ये अर्धी दशमी खाऊन त्या पुढे निघाल्या. मागून सुमेधा, खांद्यावर लाल पिशवी.

आणि चालायला होतं तरी किती. झाडांच्या सावलीतून पाऊलवाट जायची आणि एकदम समोर दगडी खांबांचं रान उभं राहायचं. शेकडो खांब, काही सरळ, काही कललेले, वर छप्पर नाही की खाली भिंत नाही.

"मांडव घातला आणि कापड टाकायला विसरले," मनू म्हणाली.

"डेकोरेटर पळाला असेल," आजी म्हणाली.

विटांचा एक स्तूप तर एवढा, की मान मागे टाकून बघताना मनू धप्पकन बसलीच. पायऱ्यांपाशी अर्धचंद्रासारखा कोरलेला दगड होता, त्यावर हत्ती, घोडे, सिंह, बैल एकामागोमाग चाललेले. मनूनं त्यांच्याबरोबर गोल फेरी मारली. पवित्र जागी चपला काढायच्या असल्यामुळे तापलेल्या दगडावर तिघींचे पाय भाजायचे, मग त्या सावलीच्या पट्ट्यांवरून उड्या मारत जायच्या. रमाबाई गुडघ्यांची तक्रार विसरून उड्या मारत होत्या. हे जयवंताला सांगितलं असतं तर त्यानं पंचनामा मागितला असता.

मग ती डोण आली. जुन्या अन्नछत्राच्या अवशेषांत, पडक्या चौथऱ्यांच्या मधोमध, होडीएवढी लांब दगडी डोण. पाटीवर लिहिलं होतं ते सुमेधानं वाचून दाखवलं. हजारो भिक्खूंसाठी भात शिजवून यात ओतायचे आणि मग भिक्षापात्रांत वाढायचे.

रमाबाईंनी डोणीला एक फेरी मारली. मग दुसरी. मग वाकून आत पाहिलं. बघे फोटो काढत होते, पण रमाबाईंची नजर याच कामातल्या माणसाची होती.

"धुवायला सोपी आहे," त्या म्हणाल्या. "पण भात लांब ओतायचा म्हणजे मधला गार होणार नाही, कडेचा होणार. वाढपी दोन्ही बाजूंनी लावले असतील. एका बाजूनं नाही जमत, आपल्याला दादरला कळलंय ते." दोन हजार वर्षांपूर्वीच्या आचाऱ्यांशी त्यांचं असं बोलणं चाललं होतं, आणि सुमेधा ते ऐकत राहिली. पिशवी तिनं चौथऱ्यावर टेकवली होती.

मनू किंचाळली तेव्हा उशीर झाला होता. एका माकडानं लाल पिशवी उचलली होती आणि ते ती ओढत खांबाच्या टोकावर चढत होतं. तिथं बसून त्यानं कडी उघडली. सुमेधाला ती कडी उघडायला कधी एका झटक्यात जमली नव्हती.

दशम्या खाली आल्या, त्यांच्यावर सात-आठ माकडं आली. वड्यांचा पूड एकानं अख्खा पळवला. लसणाची चटणी चाखून मात्र एकानं असं तोंड केलं की मनू पोट धरून हसायला लागली.

"खाऊ दे," रमाबाई म्हणाल्या, जरा दुखऱ्या आवाजात. "चांगलं तूप घातलं होतं."

सुमेधाला हसू येत नव्हतं. ग्लुकोजची पुडी, बिस्किटं, साखर, सगळं त्याच पिशवीत होतं. अकरा वाजून गेले होते. सकाळची ती अर्धी दशमी केव्हाच जिरली असणार. रमाबाईंच्या कपाळावर घाम होता, आणि तो उन्हाचा नाही हे तिला कळत होतं.

"आई, आता मिळेल ते खायचं. ऐकायचं माझं."

"विकत आण. विकतचं खाईन."

विकतचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडवच मांडव होते. कुठे भात, कुठे सरबत, कुठे उकडलेले हरभरे. माणसं रस्त्यात आडवी येऊन झेंडे हलवत जाणाऱ्यांना थांबवत होती आणि हाताला धरून आत नेत होती. सुमेधानं पहिल्याच मांडवात पर्स उघडली तेव्हा तिथली तरुण बाई हसली आणि तिनं ती पर्स आपल्या हातानं बंद केली.

"आज इथं कुणी काही विकत नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "हे दन्सल आहे. दानशाळा. आमच्या गल्लीचं." तिचं नाव तक्षिला, ती शाळेत शिकवायची. टोपामागे उभी असलेली, चष्मा नाकावर घसरलेली बाई तिची आई, कुसुमावती.

"तक्षिला," रमाबाई म्हणाल्या. "आमच्या चाळीत होती एक." पण आत यायला तयार होईनात. मांडवात बाकं होती, आणि बाकांकडे जाणारी रांग होती. लांबलचक रांग, हात पुढे केलेली. रमाबाईंनी ती पाहिली आणि त्यांची पावलं थबकली.

"मी उभी राहते सावलीत. तुम्ही खाऊन या."

"आई, साखर उतरतेय तुमची. हात बघा कसे थरथरतायत."

"काही नाही होत."

"चक्कर आली तर मी जयवंतला काय सांगू?"

"सांग, म्हातारी ऐकत नाही. त्याला नवीन आहे का ते?"

सुमेधा चिडली, मग घाबरली, मग तिला रडूच यायला लागलं. तेवढ्यात रमाबाईंनी तोडगा काढला, त्यांच्या पद्धतीचा. भाताच्या टोपाशी एक वाढपी मुलगी दमून बाजूला झाली होती. रमाबाई सरळ टोपामागे गेल्या, पदर खोचला आणि पळी उचलली. काम केलं की खायला हरकत नाही, हा त्यांचा कायदा समुद्रापलीकडेही लागू होता.

मांडवातली माणसं बघतच राहिली. कमळाच्या पानावर भात, त्यावर डाळ, कडेला फणसाची भाजी आणि खोबऱ्याची लाल चटणी, असं ताट बनत होतं. रमाबाईंनी दोन पानांत ते ताडलं आणि तिसऱ्या पानापासून हात चालू झाला.

"ओ भाऊ, लाईन मोडू नका. मागून या. बाळाला आधी द्या." सगळं मराठीत. रांग मुकाट सरळ झाली.

"तुमच्या आई शाळेत शिकवतात का?" तक्षिलानं विचारलं.

"नाही. डिसेंबरमध्ये दादरला," सुमेधा अर्धवटच म्हणाली. तिचं लक्ष पळीकडे होतं. पळी हलत होती. दहाव्या की बाराव्या पानावर ती रमाबाईंच्या हातातून निसटली आणि टोपाच्या कडेवर आपटून खाली पडली.

कुसुमावतीनं काही विचारलं नाही. खांद्याला धरून तिनं रमाबाईंना एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. सुमेधानं भराभरा तक्षिलाला सांगितलं, साखर, इन्सुलिन, माकडं, डबा. "पण त्या रांगेत घेणार नाहीत. कुणाकडून असं घेतच नाहीत त्या."

तक्षिलानं आईला सांगितलं. कुसुमावतीनं मध्येच एक प्रश्न विचारला. तक्षिलानं तो पुढे केला, "तुम्ही भारतातून आलात? बुद्धांच्या देशातून?"

"हो. मुंबईहून."

कुसुमावतीनं चष्मा वर सरकवला. हात धुतले. नवं कमळाचं पान घेतलं, ते पाण्यानं पुसलं, त्यावर सगळं निगुतीनं वाढलं आणि वर काळसर गुळाचा एक खडा ठेवला. मग ती, सत्तरीतली बाई, रमाबाईंसमोर जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी पान पुढे धरलं. काहीतरी बोलली.

"आई म्हणते," तक्षिलानं हळू सांगितलं, "आम्ही वीस वर्षं हे करतो. त्या देशातलं माणूस आमच्या दारी पहिल्यांदा आलंय. तुम्ही घेतलंत तर उपकार होतील. घेणारं कुणी नसेल तर देणाऱ्यानं काय करायचं, असं म्हणते."

सुमेधानं ते मराठीत सांगितलं, शब्दाला शब्द लावत. रमाबाईंची नजर पानावर नव्हतीच, कुसुमावतीच्या तोंडावर होती. दर वर्षी सहा डिसेंबरला दुपार कलली की त्यांच्याही तोंडावर नेमकं हेच असायचं, सुमेधानं कितीदा पाहिलं होतं. टोपात भाजी उरलेली, माणसं घाईनं पुढे चाललेली, आणि ही बाई स्टॉलबाहेर येऊन कुणा लाजऱ्या पोराला अजिजीनं म्हणतेय, घे ना रे बाळा, आमच्यासाठी घे.

"आधी वर उठवा त्यांना," रमाबाई म्हणाल्या. "गुडघे दुखतात या वयात." पण कुसुमावती उठेना. तिनं डोळे मिटले आणि गाथा सुरू केली. बुद्धं सरणं गच्छामि. मांडवातल्या चार बायकांनी सूर दिला. चाल वेगळी होती, शब्द तेच. दुसऱ्या ओळीला रमाबाईंचे ओठ हलले. तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज आला, नायगावच्या चालीत, सगळ्यांच्या जरा पुढे धावणारा. मग दोघींनी एकदम म्हटलं, साधु, साधु, साधु, आणि रमाबाईंनी दोन्ही हात पुढे केले.

पान हातात आलं तेव्हा ते हात थरथरतच होते. खालून कुसुमावतीचे हात होते, म्हणून पान सांडलं नाही.

"गूळ आधी," सुमेधा म्हणाली. ते जरा दरडावल्यासारखंच आलं.

"कळतं मला," रमाबाई म्हणाल्या आणि गूळ तोंडात टाकला.

पंधरा मिनिटांत रंग पालटला. त्यांनी भात खाल्ला, फणसाची भाजी मागून घेतली, लाल चटणीला "हिच्यात लसूण हवा होता" असा शेरा मारला आणि दुसऱ्यांदा भातही घेतला. साखरेचं बघा म्हणून सुमेधा खुणावत होती, तिच्याकडे त्यांनी काणाडोळा केला. सुमेधानं फोन काढला आणि जयवंताला व्हिडिओ लावला. तो नाक्यावर उभा होता, मागे गाड्यांचे भोंगे.

"ही कोण बाई बसून जेवतेय?" तो म्हणाला.

"ओळखीची वाटते का?"

"चेहरा सेम आहे. पण आमची म्हातारी अशी खुर्चीत बसत नाही." मग तो नुसता बघत राहिला. "ठेवतो. साहेब येतायत," म्हणाला. साहेब वगैरे कुणी येत नसणार, हे सुमेधाला कळलं.

तक्षिलाला सरबताच्या मांडवातून कुणीतरी बोलावलं, सुमेधा तिच्याबरोबर पेले आणायला गेली. परत येताना तिनं लांबूनच पाहिलं. कुसुमावती आता खुर्चीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली होती, आणि रमाबाई तिच्याशी बोलत होत्या. अस्सल मराठीत, सलग, हातानं काही उंची दाखवत, पुन्हा हात खाली आणत. कुसुमावतीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ती नुसती मान हलवत होती आणि रमाबाईंच्या गुडघ्यावर तिचा हात होता. मध्ये मनू बसली होती, आजीच्या पानातला उरलेला भात खात.

सुमेधा पोहोचेपर्यंत बोलणं संपलं होतं. दोघी म्हाताऱ्या उठून टोपांकडे निघाल्या होत्या. रमाबाई बोटांनी काही मापं दाखवत होत्या, बहुतेक लसणाचीच.

मनूनं आईचा पदर ओढला.

"मम्मी, आजी रडली."

"तिखट लागलं असेल."

"तिखट नव्हतं. मी खाल्लं ना." मनूनं बोटं चाटून पुसली आणि विचार करत आपले तळहात पाहिले, एकदा सुलटे, एकदा उलटे. "आजी त्या आजीला सांगत होती. ती छोटी असताना लाडू वरून टाकले तिच्याकडे, लांबून. मातीत पडला तिचा."

सुमेधा तिच्यासमोर खाली बसली. सरबताचे पेले हातातच होते.

"मम्मी, ते लोक जवळ का नाही आले? आजीनं काय केलं होतं?"